हसू आलं म्हणून सॉरी कसली म्हणतेस?

आलेलं पत्र, थोडं कापून:

"प्रिय मावशी, मी ४३ वर्षांची, शाळेत शिकवते, सातारा जिल्ह्यात तालुक्याच्या गावी राहते. आमच्या वाचनालयात महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी पंधरा-सोळा जण पुस्तकांवर गप्पा मारायला जमतो. मी कादंबऱ्या फार वाचत नाही, मला आत्मचरित्रं, चरित्रं आणि विनोदी लेखन आवडतं. गेल्या वेळी माझी पाळी होती. मी म्हटलं की 'स्मृतिचित्रे' वाचताना मी खळखळून हसले, नवऱ्यांच्या आत्मचरित्रांपेक्षा बायकांची भारी असतात, चरित्रं म्हणजे बहुतेक आरत्याच असतात, आणि जुन्या विनोदी पुस्तकांना मला आता हसू येत नाही. आमच्यातले एक ज्येष्ठ, त्यांना सगळे अण्णा म्हणतात, ते ताडकन म्हणाले, एवढ्या मोठ्या माणसांच्या आयुष्यावर मत देणाऱ्या तुम्ही कोण? सगळे गप्प. मी सॉरी म्हणून खाली बसले. आता जावंसंच वाटत नाही. ता. क. अण्णांनी स्वतःचं आत्मचरित्र छापलंय, २१२ पानं, सगळ्यांना एकेक प्रत दिलीय. पुढच्या महिन्यात त्यावर मीच बोलावं असं त्यांनीच सुचवलंय. काय करू? — सॉरी म्हणालेली"

अगं सॉरी म्हणालेली,

आधी ते सॉरी परत घे. बाकीचं नंतर बघू.

तू पुस्तकावर बोललीस आणि अण्णांनी उत्तर दिलं आयुष्यावरून, गडबड इथेच झालीय. 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळकांनी जे सोसलं त्यावर तू कुठे मत दिलंस, त्यांनी ते कसं लिहिलं त्यावर दिलंस ना? माणूस डोंगराएवढा असतो आणि पुस्तक सत्कार समारंभाच्या शालीसारखं, घडी न मोडलेलं, असं कितीतरी वेळा होतं. आणि उलटंही होतं, जिला अख्ख्या गावात कोणी विचारत नाही अशी बाई असं काही लिहून जाते की पुढची पन्नास वर्षं लोक वाचत राहतात.

हे मी हवेत बोलत नाहीये. एकवीस वर्षं मी एका वाचनालयात देवघेवीच्या काउंटरवर बसलेय. चरित्र-आत्मचरित्रांचं कपाट माझ्या डाव्या हाताला होतं. पुस्तकाच्या मागे तो तारखांच्या शिक्क्यांचा कागद चिकटवलेला असतो ना, तो खरा समीक्षक, त्याला कोणाचं भय नाही की भीड नाही. मोठमोठ्या पदांवरून रिटायर झालेल्यांची गुळगुळीत कागदावरची आत्मचरित्रं, मधे सोळा पानं फोटो, आणि मागे शिक्का एक, तोही भेट देणाऱ्याच्या मेव्हण्याचा. आणि 'स्मृतिचित्रे'चं बाइंडिंग माझ्या काळात तीनदा करावं लागलं.

आता तुझ्या हसण्याबद्दल. लक्ष्मीबाई हसवतातच गं, मुद्दाम हसवतात, तू काही चोरून हसली नाहीस. नवरा, म्हणजे कवी ना. वा. टिळक, १८९५ मध्ये ख्रिस्ती होतो, बायको मागे राहते, पाच वर्षं ताटातूट, मग १९०० मध्ये तीही त्याच वाटेने जाते, त्या काळात याचा अर्थ काय होता ते तू शिक्षिका आहेस, तुला सांगायला नको. हे सगळं लिहिणारी बाई कपाळाला हात लावून बसलेली नाहीये. वडिलांच्या सोवळ्याचा जाच अख्ख्या घराला होता, तो ती अशी सांगते की आपल्याला हसू येतं आणि हसता हसता लक्षात येतं की अरे, ही तर लहान पोर होती, हिला केवढा त्रास झाला असेल. टिळकांचा राग, न सांगता घरातून निघून जाणं, हातात पैसा न टिकणं, सगळं आहे, पण टिळकांना हसायच्या आधी ती स्वतःला हसून घेते. म्हणून तिचं हसणं कोणाला बोचत नाही. आणि गंमत बघ, मुलाला, म्हणजे देवदत्तांना, वडिलांच्या चरित्रासाठी आठवणी हव्या होत्या म्हणून त्यांनी आईला लिहायला बसवलं, आणि १९३४ पासून जे भागाभागाने बाहेर आलं ते झालं आईचं आत्मचरित्र. मागितलं होतं एक आणि मिळालं भलतंच, आणि जे मिळालं ते जास्त चांगलं.

बायकांची आत्मचरित्रं भारी असतात हे तुझं मत मला अर्ध्याहून जास्त पटतं. का असतात ते मात्र तू सांगितलं नाहीस आणि तिथे अण्णांना बोलायला जागा मिळाली. माझं म्हणणं सांगते. नवरे लिहायला बसतात तेव्हा डोळ्यासमोर संस्था असते, समाज असतो, आपण गेल्यावर लोक काय म्हणतील ते असतं. बायका लिहायला बसल्या की त्यांच्यासमोर घर असतं, आणि घरात मोठ्या माणसाचं मोठेपण फार वेळ टिकत नाही. जोडीने वाचून बघ. महर्षी कर्व्यांचं 'आत्मवृत्त' १९१५ चं आणि त्यांच्या पत्नी आनंदीबाईंचं, म्हणजे बायाचं, 'माझे पुराण' १९४४ चं. विधवेशी लग्न केलं म्हणून कर्व्यांच्या गावाने, मुरुडने, टाकलं ते दोघांनाही, पण तो बहिष्कार दोघांकडून वाचायचा. शिवाय नावातच बघ, त्यांचं आत्मवृत्त, हिचं पुराण. स्वतःच्या आयुष्याला पुराण म्हणणारी बाई किती मिश्कील असेल! रमाबाई रानड्यांच्या १९१० च्या आठवणी तर पतीला देव मानणाऱ्या बाईच्या आहेत, पण रानड्यांच्या इच्छेखातर शिकायला बसल्याबद्दल घरातल्या बायकांनी जे टोमणे मारले, ते त्यांनी बरोब्बर लिहून ठेवलेत, एकही विसरलेल्या नाहीत.

पु.लं.च्या, म्हणजे भाईंच्या, पत्नी सुनीताबाई देशपांडे यांचं 'आहे मनोहर तरी' १९९० मध्ये आलं तेव्हा मी काउंटरवर नवीनच होते. रांग लागली होती, खरंच रांग, नंबर लावायची वही वेगळी केली होती. आणि परत करताना लोक भांडायचे, माझ्याशी! जणू मीच लिहिलंय. एक गृहस्थ म्हणाले, भाईंबद्दल हे लिहायची गरज होती का. मी विचारलं, वाचून पूर्ण झालं का तुमचं? तर म्हणे, दोन रात्रीत. म्हणजे तुझ्या अण्णांसारखी माणसं तेव्हाही होतीच, फक्त ती लपून वाचत होती.

फक्त एक सांगते, हसण्याचा हा नियम सगळीकडे लावू नकोस. तुझ्याच जिल्ह्यात फलटण आहे. तिथे बेबीताई कांबळे किराणा दुकानाच्या गल्ल्यावर बसून लिहायच्या, नवऱ्यापासून आणि मुलापासून लपवून, कितीतरी वर्षं. १९८२ मध्ये 'स्त्री' मासिकात ते क्रमाने आलं आणि १९८६ मध्ये पुस्तक, 'जिणं आमुचं'. शीर्षकात 'माझं' नाहीये, 'आमुचं' आहे, हे कधी लक्षात आलंय का? जातीने दिलेलं दुःख त्यात आहेच, पण घरातल्या सासवांनी सुनांना कसं छळलं तेही आहे, आपल्याच माणसांचं झाकून ठेवलेलं नाही. तुम्ही कोण लिहिणाऱ्या, हा प्रश्न त्यांना केवढ्या मोठ्या आवाजात ऐकू येत असेल विचार कर, आणि तरी लिहिलं. तुला तर नुसतं बोलायचंय, तेही पंधरा जणांसमोर, चहा-बिस्किटांबरोबर.

आणि १९७८ चं 'बलुतं' तू वाचलं नसशील तर वाच, त्यात दगडू मारुती पवार नावाचा माणूस दया पवार नावाच्या लेखकाला आपली कहाणी सांगतो, आणि दोघं एकच. स्वतःबद्दल लिहिताना माणसाचे दोन तुकडे होतात, एक जगलेला आणि एक लिहिणारा, हे त्यांनी असं उघड मांडून ठेवलंय. आता मी कुठलंही आत्मचरित्र उघडलं की आधी बघते यातला दगडू कुठंय, की सगळीकडे लेखकसाहेबच बसलेत.

बरं, आता तुझं दुसरं मत, चरित्रं म्हणजे आरत्या. इथे मी तुझ्याबरोबर नाही. आरत्या पुष्कळ आहेत, कबूल, त्यातल्या निम्म्या शताब्दी वर्षात छापलेल्या असतात. पण पत्राच्या कापलेल्या भागात तू यादी दिलीस त्यात 'श्रीमान योगी' घातलंयस आणि ते चरित्र नाहीच मुळी, ती कादंबरी आहे, रणजित देसायांनी १९६८ मध्ये कादंबरी म्हणूनच दिलेली. ही चूक तुझ्या एकटीची नाही, आपल्याकडे अर्ध्या लोकांना इतिहास कादंबऱ्यांतूनच माहीत असतो आणि मग पात्रांचे संवाद व्हॉट्सॲपवर खरे म्हणून फिरतात. त्याच पुस्तकात नरहर कुरुंदकरांची लांबलचक प्रस्तावना आहे, लेखकाला लिहिलेलं पत्रच आहे ते, बहुतेक लोक ती पानं ओलांडून पुढे जातात. तू तेवढीच वाच. चरित्र म्हणजे काय, पुरावा कुठे संपतो आणि कल्पना कुठे सुरू होते, हे तिथे जेवढं कळतं तेवढं दहा चरित्रं वाचून कळत नाही.

आणि खरी चरित्रं हवी असतील तर धनंजय कीर. मुंबई महापालिकेत कारकुनी केलेला माणूस, ना प्राध्यापक ना कुठल्या संस्थेचा पगारी इतिहासकार, नोकरी सांभाळून कागदपत्रं जमवायचा. त्यांचं बाबासाहेबांचं चरित्र आधी इंग्रजीत आलं, १९५४ मध्ये, म्हणजे बाबासाहेब हयात असताना! ज्याच्याबद्दल लिहायचं तो माणूस जिवंत आहे, आणि तोही असा की ज्याच्यासमोर चुकीचा संदर्भ दिला तर खैर नाही. कौतुक आहेच त्यात, भरपूर आहे, पण खाली तारखा आहेत, भाषणं आहेत, कुठे काय म्हणाले ते आहे. आरतीत तारखा नसतात. वीणा गवाणकरांचं 'एक होता कार्व्हर' १९८१ पासून आपल्याकडे घरोघरी आहे, ते मात्र थोडं आरतीकडे झुकतं असं मला वाटतं (माझ्या बहिणीने याच वाक्यावरून एकदा माझ्याशी दोन दिवस अबोला धरला होता), पण अमेरिकेतल्या एका गुलाम आईच्या, पुढे शेतीशास्त्रज्ञ झालेल्या पोराच्या गोष्टीने इथल्या खेड्यातल्या हजारो पोरांना मातीकडे बघायला लावलं, हे मी शिक्क्यांवर बघितलंय. तेव्हा आरती असली तरी कोणाची आणि कशासाठी ते बघावं लागतं. सरसकट म्हणू नकोस.

विनोदी पुस्तकांचं तुझं दुखणं मात्र मला नीट कळतं. मलाही होतं ते. लहानपणी ज्यावर लोळून हसले ती पुस्तकं मध्यंतरी पुन्हा उघडली आणि दर दोन पानांनी जाडी बायको, भांडकुदळ सासू, नाहीतर कोणाच्या तरी बोलीची टिंगल. सुक्या खोबऱ्यासारखं आहे विनोदाचं, दिसायला तसाच पांढरा, तोंडात घातला की खवट. करुण रस टिकतो, हसू आधी शिळं होतं. आणि दुसरं कारणही आहे, 'ललित' मासिकात जयवंत दळवी ठणठणपाळ या नावाने साहित्यिकांची जी फिरकी घ्यायचे ती तेव्हा लोक अंक आल्या आल्या आधी वाचायचे, पण आज ती वाचायची तर ज्याची टोपी उडवलीय तो लेखक कोण हेच आधी कोणाला तरी विचारावं लागतं. विनोद मेलेला नाही, ओळख मेलीय. तेव्हा हसू येत नाही यात तुझा दोष नाही, लेखकाचाही दरवेळी नसतो.

पण पु.लं.ना तू याच पिशवीत टाकलंस तिथे थांब. तू लिहिलंयस 'व्यक्ती आणि वल्ली'तल्या खऱ्या माणसांची टिंगल तुला आवडत नाही. अगं, ती माणसं खरी नाहीत! आमच्याकडे एकदा एक सभासद रत्नागिरीला निघाले होते, काउंटरवर येऊन मला विचारतात, अंतू बर्व्यांचं घर नक्की कुठल्या आळीत आहे. मी म्हटलं पुस्तकात आहे. ते रागावले. १९६२ च्या त्या पुस्तकातली माणसं बनवलेली आहेत, बघितलेल्या शंभर माणसांतून एकेक बनवलेली, आणि म्हणूनच त्यांची थट्टा बिनधास्त करता येते. खऱ्या माणसांवर त्यांनी लिहिलं ते 'गणगोत', १९६६ चं. दोन्ही शेजारी ठेवून वाच म्हणजे कळेल खऱ्या माणसाबद्दल लिहिताना तोच लेखक किती जपून पाय टाकतो. आमच्या वाचनालयात 'व्यक्ती आणि वल्ली' कुठल्या कपाटात ठेवायचं यावर दोन मीटिंगा झाल्या होत्या. शेवटी विनोदी मध्ये ठेवलं आणि दर महिन्याला कोणीतरी ते उचलून चरित्रांमध्ये ठेवून जायचंच.

आणि न ठरवता आलेला विनोद हवा असेल तर वरसईच्या गोडसे भटजींचा 'माझा प्रवास'. दक्षिणा मिळेल म्हणून उत्तरेला गेलेला गरीब भिक्षुक, आणि जाऊन पडतो नेमका १८५७ च्या बंडात. झाशीची लूट आणि कत्तल त्यांनी डोळ्यांनी बघितली, ती पानं वाचवत नाहीत, आणि त्याच माणसाला वाटेत कुठे काय जेवायला मिळालं तेही लक्षात आहे, मिळालेली दक्षिणा कशी लुटली गेली तेही, आणि एवढं सगळं होऊनही आईवडिलांसाठी गंगेची कावड घेऊन घरी आले तेही. बंडानंतर पंचवीसेक वर्षांनी लिहिलेलं, छापलं गेलं १९०७ मध्ये. नाव होईल, सत्कार होईल असं काही मनात न धरता लिहिलंय म्हणूनच एवढं खरं वाटतं.

आता थोडी रागावते. पत्रात मधेच तू लिहिलंयस की अण्णांच्या आवडीचं एक आत्मचरित्र तू सगळ्यांसमोर 'बोअर' म्हणालीस, आणि पुढे कंसात, की ते तू साठ पानांवर सोडलं होतंस. हे बरोबर नाही. पुस्तक सोडायचा हक्क पूर्ण आहे तुला, मी तर सोळाव्या पानावर सोडलेली सांगू शकते, पण मग म्हणायचं, मी साठ पानांवर सोडलं, तोपर्यंत नुसत्या बदल्या आणि बढत्या चालल्या होत्या. ऐकणाऱ्याला कळतं किती चाखून बोलतेय. अण्णा चिडले ते लक्ष्मीबाईंसाठी नाही असा माझा अंदाज आहे, ते चिडले त्या 'बोअर'वर. कारण त्यांचंही पुस्तक तसंच आहे ना, बदल्या आणि बढत्या.

आणि इथे मी तुझ्या ताज्या कलमावर आले. अख्खं पत्र त्या ता. क. मध्ये आहे, वरचं सगळं प्रस्तावना.

पंधरा-सोळा जणांतून त्यांनी तुलाच का निवडलं? तुला वाटतंय बदला घ्यायला. मला नाही वाटत. बाकीचे सगळे 'अण्णा, छान झालंय हो' म्हणणार हे त्यांना माहीत आहे, म्हणून झालंही असेल, आणि त्यांना हेही माहीत आहे की त्यातल्या कोणीच वाचलेलं नाही. जी पुस्तक वाचते आणि जसं वाटलं तसं बोलते अशी एकच बाई त्या खोलीत आहे, तिला त्यांनी झापलं आणि तिच्याच हातात पुस्तक दिलं. म्हातारी माणसं माफी अशीच मागतात, वाकड्या वाटेने.

तर जायचं. न जाण्याचा प्रश्नच नाही. आणि खोटं बोलायचं नाही, पण सगळंच खरंही बोलायचं नाही. २१२ पानांचं परीक्षण कोणी मागितलेलं नाही. तू लिहिलंयस की पुस्तकात प्रत्येक साहेबाचं नाव हुद्द्यासकट आहे, सत्काराचे फोटो आहेत, काकूंचा उल्लेख चार ठिकाणी येतो, लग्न, दोन बाळंतपणं आणि शेवटी आभार. आणि तूच लिहिलंयस, अगदी जाता जाता, की ७२ च्या दुष्काळाचं एक प्रकरण बरं आहे, दुष्काळी कामावर मस्टर घ्यायला होते तेव्हाचं, खडी फोडणाऱ्या बायका, पोरांना वाटलेली सुकडी, रेशनवरचा तो लाल मिलो, म्हणजे परदेशातून आलेली ज्वारी. एकाच बाईचं नाव दोन वेळा हजेरीत लावलं आणि वरच्याला कळू दिलं नाही, तेही त्यांनी लिहिलंय म्हणतेस. मग अजून काय पाहिजे! तेवढी सतरा पानं अण्णांनी स्वतःला विसरून लिहिलीत. तिथे दगडू सापडला.

त्या सतरा पानांवरच बोल. त्यातली दोन पानं मोठ्याने वाचून दाखव, तू शाळेत वाचतेस तशी, सावकाश. आपलं लिहिलेलं दुसऱ्याच्या आवाजात माणसाने कधी ऐकलेलं नसतं, अण्णा गडबडून जातील बघ. बाकीच्या पानांबद्दल कोणी विचारलं तर सांग, मला हे प्रकरण सगळ्यात आवडलं, आणि तिथे थांब. ज्याला कळायचं त्याला कळतं, आणि अण्णांना तर नक्की कळेल, इतकी वर्षं मस्टर लिहिलंय, कोण गैरहजर आहे ते न सांगता ओळखतील.

आणि काकू येतात का गं शनिवारी? नसतील येत तर या वेळी फोन करून बोलाव, अण्णांच्या पुस्तकाचा कार्यक्रम आहे म्हणून, नाही म्हणायच्या नाहीत. वाचून झालं की त्यांच्याकडे बघून विचार, काकू, त्या मिलोच्या भाकरी थापल्या तरी जायच्या का हो, की तुटायच्या? मग पुस्तक मिटून खाली बस, आणि त्या बोलायला लागल्या की कोणाला मधे बोलू देऊ नकोस, अण्णांनाही नाही.

तुझी,
मावशी